शेवटचे पाच वॅट फार महाग पडतात

हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचं यंत्र, घेताना बहुतेक जण आधी चिपचं नाव बघतात, मग रॅम, मग स्क्रीन. बॅटरीचा आकडा खाली बारीक अक्षरात असतो आणि तो वाचायचाच राहतो. माझ्या मते वाचायचा क्रम उलटा हवा. आधी बॅटरीचे वॅट-तास, मग चिप किती वॅट खाते, मग वजन. एवढ्या तीन आकड्यांवरून यंत्र हातात घेतल्यावर कसं वागेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. टेराफ्लॉप्सवरून, म्हणजे चिपच्या कागदावरच्या गणनावेगावरून, जवळजवळ काहीच कळत नाही.

हिशेब साध्या भागाकाराचा आहे. वाल्व्हच्या २०२२ च्या स्टीम डेकमध्ये ४० वॅट-तासांची बॅटरी आहे आणि चिप ४ ते १५ वॅटमध्ये चालते. जड गेम लावला की ती सरळ १५ वर जाऊन बसते. पण १५ हा आकडा एकट्या चिपचा. स्क्रीन, रॅम, एसएसडी, वायफाय, फॅन आणि व्होल्टेज बदलताना वाया जाणारी वीज यांचे मिळून आणखी सात-आठ वॅट धरा. एकूण झाले साडेबावीस. चाळीस भागिले साडेबावीस, म्हणजे पावणेदोन तास. असूसच्या २०२३ च्या आरओजी अ‍ॅलायमध्येही बॅटरी ४० वॅट-तासांचीच होती, पण तिचा टर्बो मोड चिपला २५ वॅट देतो. बाकीचा खर्च धरून ३५ च्या आसपास गेलो की सव्वा तासाच्या आतच चार्जर शोधायची वेळ येते.

आता हाच हिशेब खालच्या बाजूने करून बघा. डेकची चिप १५ वरून साडेसात वॅटवर आणली तर वेळ दुप्पट व्हायला हवा असं वाटतं. तसं होत नाही, कारण बाकीचे सात-आठ वॅट जागचे हलत नाहीत. एकूण खर्च १५ वॅटवर येतो आणि वेळ दोन तास चाळीस मिनिटांवर. आणखी खाली, ४ वॅटवर गेलात तर साडेतीन तास. म्हणजे वरच्या टोकाला वीज वाया जाते आणि खालच्या टोकाला बचत आटत जाते. कामाची जागा मधे कुठेतरी आहे, आणि ती प्रत्येक गेमला वेगळी आहे.

वरच्या टोकाला वीज वाया का जाते, हे एकदा समजून घेतलं की हँडहेल्डचं निम्मं गणित सुटतं. चिपची वीज साधारणपणे वारंवारता गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के वाढवायचा आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के चढवावं लागलं, तर खर्च १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के जास्त. फ्रेम मात्र १० टक्केही वाढत नाहीत, कारण मेमरी तेवढ्या वेगाने माल पुरवत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा हा प्रकार. २० वॅटवरून २५ वर जाताना मिळणाऱ्या चार-पाच फ्रेम बघा आणि त्यांच्यासाठी फॅन किती ओरडतो ते ऐका.

मेमरीचा मुद्दा जाहिरातीत कधी येत नाही. हँडहेल्डमध्ये ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते. सीपीयू आणि जीपीयू एकाच एलपीडीडीआर-५ वर जगतात. एलसीडी डेकची बँडविड्थ, म्हणजे मेमरीचा माल पुरवायचा वेग, सेकंदाला ८८ जीबी, ओएलईडी डेकची १०२. अ‍ॅलायच्या झेड-१ एक्स्ट्रीम चिपमध्ये डेकच्या ८ च्या जागी १२ ग्राफिक्स युनिट आणि तीही नव्या पिढीची, पण मूळ अ‍ॅलायमध्ये त्यांना पाणी पाजणारा नळ १०२ चाच. म्हणूनच कागदावर कित्येक पट जोरदार दिसणारी चिप १५ वॅटवर थोडीच पुढे असते आणि १० वॅटच्या खाली तर तिची आघाडी विरघळून जाते. डेकची चिप मुळातच कमी वॅटसाठी घडवलेली आहे: सीपीयूचे कोर चारच, घड्याळ मर्यादित. आठ कोर जागे ठेवायचे तर त्यांनाही काही खायला घालावंच लागतं.

ही ओढाताण नवी नाही. १९८९ चा गेम बॉय चार एए सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. स्क्रीन हिरवट, मागे दिवा नाही, रंग नाहीत. त्याच वर्षीच्या अटारी लिंक्सला आणि पुढच्या वर्षीच्या सेगा गेम गिअरला रंगीत, मागून उजळलेला पडदा होता आणि दोघांनाही सहा सेल लागायचे, तेही तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून ११.८७ कोटींच्या घरात विकले गेले. गेम बॉय घडवणाऱ्या, निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांचा आग्रह होता की जुनं, स्वस्त, पुरतं माहीत झालेलं तंत्र घ्यावं आणि ते नव्या कामाला लावावं. सोनीने पीएसपी या आपल्या हँडहेल्डमध्ये ३३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर घातला, पण सुरुवातीला गेमना २२२ च्याच वर जाऊ दिलं नाही. ते कुलूप २००७ मध्ये फर्मवेअरमधून निघालं. ताकद होती, पण बॅटरीसाठी झाकून ठेवलेली.

निन्टेन्डोच्या स्विचची तुलना मला सगळ्यात बोलकी वाटते. २०१७ चा स्विच अडीच ते साडेसहा तास चालतो, २०१९ ची सुधारित आवृत्ती साडेचार ते नऊ तास. बॅटरी दोन्हींत ४३१० एमएएच. फरक पडला तो टेग्रा चिप लहान नॅनोमीटरवर छापल्यामुळे आणि कमी व्होल्टेजच्या मेमरीमुळे. वेग न घटवता आणि बॅटरी न वाढवता वेळ वाढवायचा हा एकच खरा रस्ता आहे, आणि तो कारखान्यात ठरतो. आपल्या हातात फक्त खरेदीचं वर्ष असतं. डॉकची, म्हणजे टीव्हीला जोडणाऱ्या स्टँडची, कल्पनाही याच हिशेबातून आलेली: जीपीयू डॉकमध्ये ७६८ मेगाहर्ट्झवर, हातात असताना बहुतेक वेळा ३०७ किंवा ३८४ वर. पडदा लहान, म्हणून अर्ध्या वेगात भागतं.

पडदा हा वीज खाणारा दुसरा भाग. इथे पिक्सेल मोजा. १२८० बाय ८०० म्हणजे दहा लाख पिक्सेल. १९२० बाय १०८० म्हणजे वीस लाख सत्तर हजार. लेनोवोच्या पहिल्या लीजन गोचा २५६० बाय १६०० म्हणजे जवळपास एकेचाळीस लाख, डेकच्या चौपट. पंधरा-वीस वॅटची कुठलीच चिप नवा जड गेम एवढ्या पिक्सेलवर नीट ओढत नाही. लीजन गोवर निदान सुटका सोपी आहे: गेमचं रिझोल्यूशन १२८० बाय ८०० ठेवा, ग्राफिक्सच्या चालकात (ड्रायव्हरमध्ये) पूर्णांक स्केलिंग चालू करा, एका पिक्सेलचे बरोबर चार होतात आणि चित्र फाटत नाही. १०८० वाल्या पडद्यावर ७२० चालवलं तर प्रमाण दीडपट येतं आणि अक्षरं पुसट होतात. तिथे गेमच्या आतला एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारी एएमडीची सोय, वापरा. गेमच्या आतला, चालकातला नव्हे. आतला एफएसआर ३-डी चित्र मोठं करतो आणि मेनू-मजकूर पूर्ण रिझोल्यूशनवर काढतो. चालकातला सगळंच ताणतो. सात इंचांवर एफएसआरच्या ‘क्वालिटी’ आणि ‘बॅलन्स्ड’ यांतला फरक शोधून काढावा लागतो, तेव्हा बॅलन्स्डला घाबरायचं कारण नाही. ‘परफॉर्मन्स’वर मात्र गवत आणि केस उकळल्यासारखे दिसतात.

फ्रेम किती हव्यात? साठ, असं उत्तर सवयीने येतं. पण फ्रेमदर बघण्यापेक्षा दोन फ्रेममधला वेळ बघा. ३० ला ३३.३ मिलिसेकंद, ६० ला १६.७. या दोघांच्या बरोबर मधोमध २५ मिलिसेकंद येतात, आणि २५ मिलिसेकंद म्हणजे ४० फ्रेम. ३० वरून ६० पर्यंतच्या गुळगुळीतपणाचा निम्मा पल्ला पहिल्या दहा फ्रेममध्येच पार होतो, उरलेल्या निम्म्यासाठी वीस मोजाव्या लागतात. एलसीडी डेकचा पडदा ४० हर्ट्झवर आणता येतो, ओएलईडी डेक ९० हर्ट्झवर ४५ फ्रेम दाखवतो. ४८ ते १२० हर्ट्झच्या व्हीआरआर, म्हणजे फ्रेमप्रमाणे आपला वेग बदलणाऱ्या, पडद्यावर ४८ च्या खाली गेलात तर प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून काम भागतं, पण ४८ च्या आसपास वरखाली होत राहिलं की कधी कधी उजेड लुकलुकतो. ६० हर्ट्झच्या साध्या पडद्यावर ४० चा कॅप (फ्रेमची कमाल मर्यादा) मात्र लावू नका. ६० ला ४० ने भाग जात नाही, काही फ्रेम एकदा आणि काही दोनदा दिसतात, डोळ्यांना अडखळल्यासारखं होतं. तिथे ३० किंवा ६०, मधलं काही नाही.

खोटे फ्रेम जोडणाऱ्या सोयींबद्दल थोडक्यात: मूळ गेम ५०-६० वर चालत असेल तर त्या बऱ्या. ३० वर चालणाऱ्या गेमला ६० दाखवायला लावलं तर दिसतं ६० आणि बटण दाबल्यावर वागतं ३० पेक्षाही जड.

वॅट लावायचे कसे

डेकवर उजवीकडचं तीन ठिपक्यांचं बटण दाबा आणि गेमवर दिसणारा परफॉर्मन्सचा थर दुसऱ्या-तिसऱ्या पातळीवर ठेवा, म्हणजे वॅट आणि फ्रेमटाइमचा आलेख दोन्ही दिसतात. विंडोज यंत्रांवर हेच काम निर्मात्याचं अ‍ॅप किंवा हँडहेल्ड कम्पॅनियनसारखी साधनं करतात.

मग गेममधल्या सगळ्यात जड जागी जाऊन उभे राहा. गर्दीचं शहर, पाऊस, रात्रीचे दिवे. मुख्य मेनूत किंवा पहिल्या गुहेत लावलेले वॅट पुढे हमखास फसवतात. आधी फ्रेम कॅप लावा, कारण कॅप नसेल तर चिप मिळतील तेवढे वॅट खाऊन नको असलेल्या फ्रेम काढत बसते. त्यानंतर ग्राफिक्स: सावल्या मध्यम, व्हॉल्युमेट्रिक धुकं कमी, प्रतिबिंबं कमी, टेक्स्चर मात्र मेमरी पुरेल तेवढे वर. टेक्स्चरला वॅट फार लागत नाहीत, मेमरी लागते. आता टीडीपी, म्हणजे चिपची वॅट-मर्यादा, एकेक वॅटने खाली आणा आणि प्रत्येक पायरीवर अर्धा मिनिट थांबा. आलेखाची सरळ रेघ दातेरी झाली की दोन वॅट वर या. एकच का नाही? कारण बॉस, स्फोट आणि नवा भाग लोड होण्याचा क्षण तुम्ही तपासलेला नसतो.

इथे एक चूक फार होते. सरासरी फ्रेमदर ठीक, तरी गेम ठेचकाळतो. लोक ग्राफिक्स आणखी खाली आणतात आणि काहीच सुधारत नाही. बहुतेकदा अडलेला असतो सीपीयू. चिपचे वॅट एकाच डब्यातून वाटले जातात, आणि टीडीपी फार आवळला की जीपीयू आपला वाटा घेऊन सीपीयूला उपाशी ठेवतो. एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, तर हे अगदी स्पष्ट दिसतं. उपाय उलटा वाटेल असा आहे: जीपीयूचं घड्याळ हाताने खाली बांधा. डेकवर ते २०० ते १६०० मेगाहर्ट्झमध्ये बांधता येतं. जुन्या कन्सोलच्या एम्युलेटरला ८०० च्या आसपास पुष्कळ होतात, आणि सुटलेले वॅट सीपीयूकडे जातात. विंडोजवर परिस्थिती नेमकी उलट असते, तिथे सीपीयूच हावरटपणा करतो. प्रोसेसर बूस्ट मोड बंद केला तर बऱ्याच गेममध्ये फ्रेम तेवढ्याच राहतात आणि तापमान झटकन उतरतं. ज्या गेमला खरोखर वेगवान कोर लागतो तिथे तो परत चालू करा. दर गेमला वेगळं प्रोफाइल जतन करायची सोय याचसाठी असते आणि ती बहुतेक लोक उघडूनही बघत नाहीत.

वजन, उष्णता, झोप

वजनाबद्दल आकडे थोडे फसवे आहेत. ओएलईडी डेक ६४० ग्रॅम, जुना एलसीडी डेक ६६९, म्हणजे ५० वॅट-तासांची मोठी बॅटरी घालूनही नवा हलका. अ‍ॅलाय ६०८, अ‍ॅलाय एक्स ६७८: बॅटरी थेट दुप्पट, ८० वॅट-तास, आणि वजन ७० ग्रॅमनेच वाढलेलं. माझ्या हिशेबात यासारखा चांगला सौदा या वर्गात फार थोड्यांनी केला. पहिला लीजन गो कंट्रोलरसकट ८५४ ग्रॅम. झोपून, हात वर धरून खेळायचं असेल तर हा आकडा विसरू नका; टेबलावर उभा करून कंट्रोलर वेगळे काढून खेळणाऱ्याला त्याचं काही नाही. मनगटाला वजनाइतकीच मुठीचीही चिंता असते. तळव्यात भरून बसणारी मूठ असेल तर साडेसहाशे ग्रॅम तासभर जातात. सपाट, पातळ कडेचा चारशे ग्रॅमचा स्विच बोटांच्या टोकांवर तोलावा लागतो आणि अर्ध्या तासात करंगळी बोलू लागते. त्यावर मुठीचं कव्हर चढवलं की जाडी वाढते, खिशातली जागा जाते, हात मात्र सुखावतो. तोही एक सौदाच.

उष्णतेला बाहेर जायला वाट हवी. या यंत्रांत हवा पाठीमागून आत येते आणि वरच्या कडेने बाहेर पडते. उशीवर किंवा मांडीवरच्या पांघरुणावर ठेवलं की पाठ बंद होते, फॅन पूर्ण वेगात जातो आणि तरीही चिप स्वतःला आवरते. फ्रेमदर दहा मिनिटं छान आणि मग हळूहळू घसरत असेल तर गेमला दोष देण्याआधी पाठ बघा. चार्जर लावून खेळताना चार्जिंगची उष्णताही त्यात भर घालते.

आणि झोप. पोर्टेबल असण्याचा अर्धा अर्थ असा की बटण दाबून बॅगेत टाकावं, दोन तासांनी काढून तिथूनच पुढे खेळावं. डेकच्या स्टीमओएसवर हे नीट होतं. विंडोजची मॉडर्न स्टँडबाय झोप कच्ची आहे. अपडेट किंवा नेटवर्कच्या हाकेला यंत्र बॅगेतच जागं होतं, तापतं आणि बॅटरी रिकामी करून ठेवतं. पॉवर बटणाला स्लीपऐवजी हायबरनेट नेमून द्या. उठायला काही सेकंद जास्त लागतात, बॅटरी मात्र जागेवर सापडते. २०२५ मध्ये लेनोवोने लीजन गो एस स्टीमओएससह विकायला काढला, त्यामागे हे दुखणं नक्कीच एक कारण असावं.

पॉवरबँकचं गणित

एमएएचचा आकडा ३.७ व्होल्टवरचा असतो. २०,००० एमएएच म्हणजे ७४ वॅट-तास, त्यातले व्होल्टेज चढवताना जाणारे वजा करून हातात साठ-पासष्ट पडतात. ४० ची बॅटरी एकदा पूर्ण आणि वर निम्मी. पण साठ्याआधी व्होल्टेजची ओळ वाचा. डेकला ४५ वॅट, म्हणजे १५ व्होल्टला ३ अँपिअर लागतात. ९ व्होल्टला ३ अँपिअरवर थांबणारी बँक २७ वॅट देते. जड गेम चालू असताना त्यातले जवळपास सगळेच खर्च होतात आणि टक्का तिथल्या तिथे अडकतो. अ‍ॅलायला ६५ वॅट, २० व्होल्टला ३.२५ अँपिअर. इथे केबलही आडवी येते, कारण ३ अँपिअरच्या वर प्रवाह हवा तर केबलमध्ये ई-मार्कर चिप असावी लागते. नसेल तर चार्जर गुपचूप ६० वर उतरतो आणि दोष चार्जरला मिळतो. विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवरबँक सोबतच्या बॅगेतच न्याव्या लागतात आणि १०० वॅट-तासांच्या वर एअरलाइनची परवानगी लागते. २७,००० एमएएचच्या बँका भरपूर दिसतात त्या म्हणूनच: ९९.९ वॅट-तास.

यंत्र सतत डॉकमध्ये असेल तर चार्ज ८० टक्क्यांवर थांबवा. लिथियम सेलला भरलेलं आणि गरम असं एकाच वेळी राहणं सोसत नाही. महिनाभर वापरायचं नसेल तर निम्म्यावर ठेवून बंद करा.

जोर हवाच असेल तर टोकाची उदाहरणंही आहेत. जीपीडी विन ५ मध्ये रायझन एआय मॅक्स वर्गाची चिप बसवली आणि ८० वॅट-तासांची बॅटरी यंत्रातून काढून पाठीवर अडकवायची केली. बॅटरी लावली तर जड, काढली तर भिंतीला बांधलेलं. दुसऱ्या टोकाला प्लेस्टेशन पोर्टल: गेम चालतो दुसरीकडे, हातात फक्त आठ इंचांचा पडदा आणि बटणं. वॅटचा प्रश्न मिटतो, वायफायचा सुरू होतो. आणि मियू मिनी प्लससारखी साडेतीन इंचांची, ३००० एमएएचची, खरोखर खिशात मावणारी यंत्रं. १९९० च्या दशकातले गेम खेळायचे असतील तर डेकचे १५ वॅट कशासाठी?

जागेची ही कसरत एसएसडीपर्यंत पोचते. डेक आणि मूळ अ‍ॅलायमध्ये २२३० आकाराची, तीन सेंटिमीटर लांबीची एसएसडी बसते. अ‍ॅलाय एक्समध्ये नेहमीची २२८० मावते. डेकमध्ये जरा लांब २२४२ दडपून बसवायचे प्रयोग झाले आहेत, ते करू नका. त्यासाठी उष्णता वाहणारे पॅड सरकवावे लागतात आणि शेजारची चार्जर चिप आधीच गरम असते. २२३० बदलायचीच असेल तर बॅटरी आधी पंचवीस टक्क्यांच्या खाली आणा, यंत्र पूर्ण बंद करा. पाठीचे आठ स्क्रू दोन लांबीचे आहेत, कुठला कुठे होता ते कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर पुढच्या बाजूला त्याची खूण उमटते. आणि झाकण उचकटण्याआधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा. खाच झाकणाच्या कडेतून आत जाते. कार्ड आत राहिलं तर झाकण निघताना ते मधोमध मोडतं.